वेडेलिया, घाणेरी, आइस्क्रीम वेल : बाग गिळणारी सुंदर झाडं काढायची कशी आणि काढून टाकायची कुठे

मुळशीच्या बाजूला आमची ११ गुंठे जागा आहे, शनिवार-रविवार जातो. घेतली तेव्हा नुसता उतार होता, लाल माती, आणि पहिल्याच पावसात ती सगळी खालच्या ओढ्यात जाताना बघून मी घाबरले. नर्सरीवाला म्हणाला, ताई वेडेलिया लावा, पाणी नको, खत नको, वर्षभरात गालिचा होईल. एक शब्द खोटा नव्हता. गालिचा झाला, गुडघाभर उंच झाला, मग त्याने अबोली गिळली, जाईच्या खोडावर चढला, आणि पायरीच्या फटीतून वर येऊन चक्क दारात पिवळी फुलं घेऊन उभा राहिला. मी काय केलं, तर वाढलेलं कापून कुंपणापलीकडे ओढ्याच्या काठाला टाकलं. ओला कचरा आहे, कुजून जाईल, असं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्ये पिवळं तुमचंच नव्हं? आमच्या बांधाला आलंया."

तेव्हापासून दोन वर्षं मी असली झाडं काढायचंच काम करतेय. यूट्यूबवर उपटायचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण उपटलेलं टाकायचं कुठे हे कुणी सांगत नाही, आणि माझी सगळी चूक नेमकी तिथेच झाली होती. म्हणून हे लिहितेय. घाईत असाल तर बाकी काही वाचू नका पण पायरी ६ वाचा.

१. आधी ओळख पटवा

नाव कळल्याशिवाय कुदळ उचलू नका. मोबाईलवर फोटो टाकून नाव सांगणारी ॲप आहेत, ती ऐंशी टक्के वेळा बरोबर आणि वीस टक्के वेळा भलतंच सांगतात असा माझा आपला अंदाज, त्यामुळे पान, फूल, खोड आणि फळ असे चार वेगळे फोटो काढा आणि गावातल्या एखाद्या जुन्या माणसालाही दाखवा. आपल्याकडे नेहमी सापडणारे हे :

वेडेलिया, म्हणजे सिंगापूर डेझी. जमिनीवर पसरते, चकचकीत तीन टोकांचं पान, पिवळं फूल. रस्त्याच्या डिव्हायडरवर, सोसायट्यांच्या उतारावर हमखास असते. इथे एक घोळ होतो : आपला औषधी पिवळा माका हिचाच भाऊबंद आहे, फूल सारखंच, पण त्याचं पान साधं लांबट असतं, त्याला तीन टोकं नसतात. तो ठेवा.

घाणेरी किंवा टणटणी. हिला ओळख करून द्यायची गरज नाही, पान चुरगाळा, नाव का पडलं ते कळेल. नर्सरीत मात्र ती 'लँटाना' नावाने कुंडीत बसून येते आणि आपण पैसे देऊन घरी आणतो. १९व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झुडूप म्हणूनच आली होती ही, आज सह्याद्रीत जंगलात शिरायला वाट ठेवत नाही. गुरांना विषारी, त्यामुळे तिला चरून संपवणारंही कुणी नाही.

आइस्क्रीम वेल, गुलाबी फुलांचे झुबके, कुंपणावर दिसते फार सुंदर. जांभळी रुएलिया, हिला मेक्सिकन पिटुनियाही म्हणतात. पानफुटी. पिवळा-केशरी कॉसमॉस, जो आता पुण्याच्या टेकड्यांवर सप्टेंबरात असा पसरतो की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. बेशरम, गुलाबी कर्ण्यासारखी फुलं, नावातच सगळं आलं. आणि पाण्याच्या टबात हौसेने ठेवलेली जलपर्णी.

यातल्या घाणेरी, वेडेलिया आणि जलपर्णी आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जगातल्या १०० सर्वात उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहेत. म्हणजे तुमच्या हाताला गुण आहे म्हणून ती वाढली असं समजू नका. मी समजले होते. शेजारणीला चार कांड्या कौतुकाने दिल्याही होत्या.

२. ते पसरतं कशाने हे शोधून काढा

सगळं काम यावरच ठरतं. चार प्रकार आहेत.

कांडीने : वेडेलिया, बेशरम. वेडेलियाची एक वेल हातात घ्या आणि पेराजवळ नीट बघा. प्रत्येक पेराच्या खालच्या बाजूला दोन बारीक पांढरट टोकं असतात, तांदळाच्या कणीएवढी. ती मुळं, निघायच्या तयारीत बसलेली. मातीला टेकलं की दोन-तीन दिवसात धरतात. अंगठ्याएवढा तुकडा राहिला तरी तो अख्खा वेल होतो, म्हणजे कटरने तुकडे केले तर तुम्ही काढत नाही आहात, लावत आहात.

बीने : घाणेरी, कॉसमॉस, रुएलिया. घाणेरीची काळी फळं बुलबुल खातात आणि तारेवर बसून बिया टाकतात, म्हणून ती नेहमी कुंपणाखाली रांगेत उगवते. रुएलियाच्या शेंगा वाळल्या की पाण्याच्या थेंबाची वाट बघत बसतात. लहानपणी आम्ही तसल्याच एका रानटी झाडाच्या शेंगा थुंकी लावून एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकायचो, टक करून फुटायच्या. ती हिचीच बहीण. आता पहिल्या पावसात व्हरांड्यात बसलं की तोच टक टक आवाज येतो आणि मला हसू येत नाही.

गड्ड्याने : आइस्क्रीम वेल. वरचं सगळं कापलं तरी खाली रताळ्यासारखे गड्डे बसलेले असतात. रुएलियाचंही जमिनीखालून आडवं खोड जातं, म्हणजे ती दोन्हीकडून मारते.

पानाने : पानफुटी. पुस्तकात ठेवलेल्या पानाला कडेने पिल्लं फुटतात हे शाळेत सगळ्यांनी केलंय. बागेत तेच होतं, फक्त पुस्तक नसतं.

३. सामान आणि परवानगी

सामान फार नाही : कुदळ, खुरपं, कोयता, शक्य असेल तर पहार. जाड रबरी हातमोजे, कारण घाणेरीचे काटे बारीक असतात आणि रात्री दुखतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. एक लांब काठी, आत हात घालायच्या आधी जाळी हलवायला, आमच्याकडे वेडेलियाखाली घोणस निघाली होती. जाड ताडपत्री. प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या उचलायला, आणि जाड काळ्या पिशव्या बंद करून ठेवायला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, का ते पुढे.

कागदपत्रांचं म्हणाल तर स्वतःच्या जागेत झुडूप किंवा वेल काढायला काही लागत नाही. पण
- सोसायटीची बाग असेल तर कमिटीकडून लेखी घ्या. नुसतं व्हॉट्सॲपवर अंगठा नको, कारण फुलं गेली की भांडायला येणारे निघतातच.
- शहरात मोठं झाड असेल, सुबाभूळ किंवा पिचकारीचं झाड वगैरे, तर ते परकं असलं तरी झाडच आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, जागेचा पुरावा आणि झाडाचे फोटो जोडायचे. माळी म्हणेल, कोण बघतंय. ऐकू नका.
- टेकडी बऱ्याचदा वनखात्याची असते. तिथला कॉसमॉस उपटायचा असेल तर एकट्याने जाऊ नका, तुमच्या भागात एखादा टेकडीवाला ग्रुप असेल तर त्यांच्याबरोबर, खात्याला सांगून.
- शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं असेल तर आधी जाऊन माफी मागा, मग कुदळ न्या. मी उलट क्रमाने केलं.

४. वेळ

कॉसमॉस, रुएलिया, घाणेरी : जून-जुलै. माती मऊ असते, मूळ अख्खं येतं, फार बी धरलेलं नसतं. वेडेलिया : फेब्रुवारी ते मे, कारण काढलेलं वाळवायला ऊन लागतं. पावसात वेडेलियाला हात लावू नका, चार काढाल आणि चाळीस लावाल.

५. काढायचं कसं

वेडेलिया : कडेपासून सुरू करा, मधून नाही. एक माणूस वेल ओढतो, दुसरा खुरप्याने पेराखालची मुळं सोडवतो आणि सगळं सतरंजीसारखं गुंडाळत जायचं. खरंच गुंडाळी होते. एका दिवसात दोघांनी मिळून आमचं एक खोलीएवढं क्षेत्र होतं, त्याहून जास्त करायला गेलात तर शेवटच्या तासात तुकडे राहतात. मग त्या मातीवर काळं मल्चिंग प्लास्टिक, कडा मातीने दाबून, एक अख्खा पावसाळा. उजेड नाही तर राहिलेले तुकडे मरतात. इथे लोक पारदर्शक आणि काळ्या प्लास्टिकची गल्लत करतात. पारदर्शक वापरायचं ते एप्रिल-मे मध्ये, माती ओली करून वर ताणून, चार ते सहा आठवडे, म्हणजे खालची माती भाजते आणि वरच्या थरातलं बी मरतं. पावसाळ्यात पारदर्शक घातलं तर खाली मस्त ग्रीनहाऊस होतं. हो, अनुभव.

घाणेरी : वरून कोयत्याने छाटू नका, एका खोडाची सहा होतात. खोडाभोवती माती उकरा, जमिनीखाली तीन-चार इंच जा, फुटवे जिथून निघतात तो जाड भाग वर ठेवून त्याच्या खाली मुख्य मूळ कुदळीने तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, मुळं आकाशाकडे. खालचं राहिलेलं मूळ पुन्हा फुटत नाही. पण काळी-हिरवी फळं असतील तर आधी ती तोडून पिशवीत, मग बाकी. नर्सरीतली रंगीत जात बी धरत नाही असं सांगतात, काही धरत नाहीत, काही धरतात. आपल्या कुंडीत हिरव्या मण्यांचे घोस दिसले की वाद संपला.

आइस्क्रीम वेल : वेल पकडून जमिनीपर्यंत या आणि खणा. एक गड्डा सापडला की त्याला लागून दुसरा असतो. सगळे कधीच मिळत नाहीत. मग दर १५ दिवसांनी नवीन फुटवा दिसला की तोडायचा, पान उघडू द्यायचं नाही, गड्ड्यातला साठा संपेपर्यंत. यात चिकाटी लागते, आमची वेल दुसऱ्या दिवाळीला थकली.

रुएलिया : शेंगा असतील तर कोरड्या दिवशी आधी शेंगा कापून पिशवीत. ओल्या दिवशी हात लावला तर तुमच्या तोंडावर फुटतील.

पानफुटी : उपटणं सोपं आहे, पडलेलं एक-एक पान वेचणं अवघड. मुलांना कामाला लावा, पानामागे एक रुपया. आमचे ३४० रुपये गेले.

औषधाबद्दल : कृषी केंद्रात ग्लायफोसेट हे तणनाशक मागायला जाऊ नका. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असा आदेश काढला, आणि ओढा किंवा विहीर जवळ असेल तर विषय काढूच नका. मिठाचं पाणी आणि व्हिनेगर हा उपाय ग्रुपवर फिरतो, मिठाने वेडेलिया कदाचित मरेल, त्याच्या आधी तुमची माती मरेल.

६. काढलेलं टाकायचं कुठे

आता मुख्य गोष्ट. माझे तीन प्रयोग फसले, ते आधी सांगते.

पहिला, ओढ्याकाठी टाकलं, त्याचं काय झालं ते वर आलंच.

दुसरा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं. पुण्याच्या घराच्या गच्चीत कढीपत्त्याची कुंडी आहे, तिला मोठ्या प्रेमाने ते खत आणून घातलं. तीन आठवड्यांनी कढीपत्त्याच्या बुंध्याशी तीन टोकांचं चकचकीत पान. मुळशीहून पुण्याला, माझ्याच डिकीत बसून, चौथ्या मजल्यावर. घरगुती खड्डा तेवढा तापत नाही हो.

तिसरा, गोणपाटात भरून गोठ्याच्या सावलीत ठेवलं, मरेल आपोआप म्हणून. दीड महिन्याने गोणी ओढली तर ती जमिनीला चिकटलेली. खालून पांढरी मुळं गोणपाटाच्या विणीतून मातीत गेलेली, आणि वरून फिकट पिवळ्या कोंबांनी विणीतून डोकी काढलेली. मी ती गोणी तशीच धरून कितीतरी वेळ उभी होते, नवरा म्हणाला कुंडी समजून पाणी घाल आता.

तर जे चाललं ते असं.

अ) ऊन. मातीवर नाही, पत्र्यावर, फरशीवर किंवा ताडपत्रीवर. पातळ पसरायचं, दोन दिवसांनी उलटायचं. एप्रिल-मे मध्ये आठ-दहा दिवस. वाळलं का ते बघायला पेर वाकवा : कट करून मोडलं तर मेलं, लवचिकपणे वाकलं तर जिवंत आहे, कितीही तपकिरी दिसो. असं कुरकुरीत झालेलं मग कंपोस्टला खुशाल घाला किंवा झाडांच्या बुंध्याशी पसरा.

आ) बंद काळी पिशवी. पावसाळ्यात काही काढावंच लागलं तर. जाड, भोक नसलेली, तोंड घट्ट बांधून, उघड्यावर उन्हात, विटांवर ठेवून. दीड-दोन महिने. उघडाल तेव्हा नाक धरा.

इ) बुडवून. २०० लिटरचा झाकणाचा ड्रम, त्यात पाला, वर पाणी, वर दगड म्हणजे तरंगणार नाही, झाकण. दोन महिन्यात चिखल होतो. वास गटारासारखा येतो, म्हणून शहरात करू नका. ते पाणी दहापट पातळ करून केळीला घालते मी. डास होऊ नयेत म्हणून झाकणाच्या फटीला कापड बांधा.

ई) बिया, फळं, शेंगा, गड्डे वेगळे ठेवायचे, यातल्या कशातही मिसळायचे नाहीत. वाळवून बी मरत नाही. गड्डे उन्हात कोळशासारखे होईपर्यंत वाळवा, बिया-शेंगा मात्र बादलीत उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवायच्या, नंतर पिशवीत बंद करून कचऱ्याच्या गाडीत.

उ) घाणेरीच्या काठ्या पूर्ण वाळल्या की वालाच्या वेलाला आधार म्हणून छान. निलगिरीच्या डोंगरांकडे तर याच काठ्यांचे खऱ्या मापाचे हत्ती बनवतात. पण ओली काठी रोवू नका, ती लागते.

ऊ) जलपर्णी. टबातली काढून गच्चीवर वाळवायची. टब मात्र नाल्यात किंवा तळ्यात रिकामा करायचा नाही, आणि तळाचा गाळसुद्धा नाही, कारण तिचं बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. तो गाळ कोरड्या जागेतल्या मोठ्या कुंडीत घाला, तिथे ते काही करू शकत नाही. गंमत नाही ही, बंगालमध्ये १९३६ साली एकट्या जलपर्णीसाठी कायदा करावा लागला होता. आणि पवना-इंद्रायणीचं दर उन्हाळ्यात काय होतं ते आपण पुलावरून बघतोच.

जाळू नका. धूर, शेजारी, दंड, आणि अर्धवट जळलेली कांडी तशीच हिरवी निघते.

निघण्यापूर्वी बुटाचे तळवे, कुदळीचं पातं आणि पँटच्या घड्या तिथेच झाडून घ्या. कॉसमॉसच्या सुईसारख्या बिया मोज्यात बसून घरी येतात.

७. मोकळी माती मोकळी ठेवू नका

हे केलं नाही तर सहा महिन्यात तेच परत, किंवा त्याच्या जागी गाजरगवत. उतारावर मी वाळा लावलाय, दोन ओळी, फुटाफुटावर. मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, आणि जिथे लावला तिथेच बसतो. पहिलं वर्ष दिसायला अगदी दरिद्री, हे आधीच सांगते. त्याच्यामध्ये गवती चहा. घाणेरीच्या जागी धायटी आणि कोरांटी, धायटीला लाल फुलं आली की शिंजिर, ते मध पिणारे चिमुकले पक्षी, येतातच. आइस्क्रीम वेलीच्या कुंपणावर जाई. कळलावीपण लावली होती, फूल अप्रतिम, पण कंद जहाल विषारी, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर नको. पुदिना आणि स्नेक प्लांट जमिनीत लावू नका, कुंडीत ठेवा, आणि कुंडी विटेवर, कारण खालच्या भोकातून मुळं उतरतात.

८. पुढच्या वेळी नर्सरीत

"याला काही बघावं लागत नाही" हे वाक्य ऐकलं की थांबा. तीन प्रश्न विचारा : कांडी नुसती टाकली तर लागते का, बी धरतं का, आणि हे रस्त्याच्या कडेला आपोआप वाढलेलं कुठे दिसतं का. तिन्हीला हो आलं तर पाकीट खिशात ठेवा. मैत्रिणीने फुकट दिलेल्या फांदीलाही हेच प्रश्न. चोरून आणलेला मनी प्लांट चांगला लागतो म्हणतात, तो कसाही आणला तरी लागतो, फक्त झाडावर चढवू नका, पानं सुपाएवढी होतात आणि मग तो उतरत नाही.

पहिल्या वर्षी दर १५ दिवसांनी चक्कर, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात जास्त. मोबाईलवर दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढा, नाहीतर काहीच फरक पडत नाही असं वाटून तुम्ही सोडून द्याल.

आमच्या जागेत या जूनमध्ये वेडेलियाचे सात कोंब सापडले, सगळे पायरीच्या फटीत. मावशींच्या बांधावर अजून चार-पाच हात आहे, भात कापून झालं की त्या फोन करणार आहेत, तेव्हा ताडपत्री घेऊन जायचंय.